भिजवलेल्या तांदळाला पाणी किती? आणि मुळात तांदूळ भिजवायचे कशाला?

मोकळं_शीत

तांदूळ भिजवण्याबद्दल जितक्या जणांना विचारावं तितकी उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं अर्धा तास तरी हवाच, कुणी म्हणतं नुसते धुऊन आधणात वैरले की झालं. दोन्ही तऱ्हांनी केल्यावर जे दिसतं ते असं:

पांढरे, लांब दाण्याचे, जुने तांदूळ २०० ग्रॅम. न भिजवता ३५० मिली पाण्यात, जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण ठेवून मंद आचेवर. भात मोकळा होतो, पण बऱ्याच शितांच्या पोटात कणी राहते आणि टोकं मात्र फुटलेली असतात.

तेच तांदूळ अर्धा तास भिजवून, निथळून, तेवढ्याच ३५० मिली पाण्यात. कणी अजिबात नाही, शीत लांब, पण भात आसट आणि तळाला गिचका.

म्हणजे भिजवल्याने फायदाही दिसतो आणि तोटाही. भिजवल्यावर पाणी कमी करायचं हे कळतं, पण नेमकं किती? अंदाजाने नको, मोजून सांगता येईल असं काही आहे का? आणि सगळ्याच तांदळांना हा नियम लागू पडतो का?

---

आधणपाणी

तुमच्या दोन्ही भातांचं निदान तुम्हीच लिहिलंय, फक्त ते एकत्र जोडायचं राहिलंय.

पहिल्या भाताचं बघा. कोरड्या तांदळात पाण्याचा अंश १२ ते १३ टक्के असतो. असा दाणा थेट गरम पाण्यात पडला की बाहेरचा थर लगेच पाणी पितो आणि शिजायला लागतो. तांदळातलं पिष्ट (स्टार्च) शिजायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात, उष्णता आणि पाणी. बहुतेक तांदळांचं पिष्ट ५५ ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान फुलतं, जातीप्रमाणे कमीजास्त. उष्णता दाण्याच्या पोटापर्यंत काही सेकंदांत पोचते, पाण्याला मात्र तिथवर जायला मिनिटं लागतात. म्हणजे गाभा गरम असतो पण कोरडा, आणि कोरडं पिष्ट कितीही तापवलं तरी शिजत नाही. तीच तुमची कणी. तोवर बाहेरचा थर फुलून फुलून फुटतो, आणि फुटलेली टोकं म्हणजे तेच.

भिजवणं म्हणजे पाण्याला आधी आत जाऊ देणं, उष्णतेला नंतर. पांढऱ्या तांदळात नेहमीच्या हवामानात पहिल्या २० ते ३० मिनिटांतच बहुतेक पाणी आत शिरतं आणि दाणा ३० टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो. त्यापुढे थंड पाण्यात तासभर ठेवा की दोन तास, तो फारसं पाणी घेत नाही. कच्चं पिष्ट त्याहून जास्त पाणी धरूच शकत नाही, उरलेलं ते शिजतानाच घेतं. म्हणून 'जास्त भिजवले म्हणजे जास्त चांगले' हे पांढऱ्या तांदळाला लागू नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. कोरडा दाणा काचेसारखा अर्धपारदर्शक असतो, भिजलेला दुधासारखा पांढराफेक. एक दाणा नखाखाली धरून दाबा. सहज मोडला आणि आतूनही सारखाच पांढरा असला तर भिजला. मध्ये काचेसारखी रेघ दिसली तर अजून दहा मिनिटं.

आता दुसरा भात, पाण्याचा. २०० ग्रॅम तांदूळ अर्धा तास भिजवून नीट निथळले की २५० ते २६० ग्रॅम भरतात. ती वाढ म्हणजे पाणीच, काही आत शिरलेलं आणि थोडं अंगाला चिकटलेलं. तुम्ही वर पुन्हा ३५० मिली घातलंत, म्हणजे तांदळाला खरं तर ४०० च्या वर पाणी मिळालं. शिवाय भिजलेले तांदूळ लवकर शिजतात, म्हणून वाफेने उडून जाणारं पाणीही कमी. भात आसट होणारच होता.

मोजून करायचं तर असं करा. तांदूळ कोरडे तोला. धुवा, भिजवा, निथळा, पुन्हा तोला. जितके ग्रॅम वाढले तितके मिली पाणी नेहमीच्या मापातून वजा करा. तुमच्या बाबतीत ५५ ग्रॅम वाढले असं धरू, तर वर घालायचं पाणी २९५ मिली. पहिल्या खेपेला एवढंच करा. तरीही किंचित ओलसर वाटला तर पुढच्या खेपेला आणखी १५–२० मिली कमी, कारण शिजायला लागलेला वेळ कमी झालेला असतो.

---

रोवळी

वरच्या उत्तरात सगळं बरोबर आहे, पण निथळणं हा शब्द त्यात फार सहज येऊन गेला. घोळ तिथेच होतो. चाळणीत ओतून दोनदा झटकलेले तांदूळ आणि दहा मिनिटं स्वस्थ निथळत ठेवलेले तांदूळ यांत २०० ग्रॅममागे १५–२० मिलीचा फरक सहज पडतो. आज ओले टाकले, उद्या कोरडे टाकले, आणि मग पाण्याच्या प्रमाणाला दोष दिला, असं होतं. एकदा वेळ ठरवा, १० मिनिटं म्हणजे १० मिनिटं, आणि चाळणी किंवा रोवळी तिरकी ठेवा म्हणजे तळाशी पाणी साचत नाही.

धुणं आधी, भिजवणं नंतर. उलट केलंत तर भिजून नरम झालेले दाणे चोळले जाऊन मोडतात. कोरडे तांदूळ कणखर असतात, त्यांना तीन पाण्यांत हाताने हलकेच फिरवलेलं चालतं. पहिलं पाणी घालून लगेच ओतून द्यायचं, कारण कोरडा दाणा सगळ्यात वेगाने पाणी पितो ते पहिल्याच मिनिटांत, आणि ते पाणी पिठूळ असतं. धुवण अगदी नितळ होण्याची वाट बघू नका. तळहाताच्या रेघा पाण्यातून दिसल्या की पुरे.

भिजल्यावर मात्र त्या तांदळाला हात लावायचा नाही. उलथन्याची धार, चमच्याची कड, मूठभर उचलून पाहणं, सगळं बंद. लांब दाणा भिजला की खडूसारखा मोडतो, आणि मोडलेल्या दाण्यातून पिष्ट पाण्यात उतरून अख्ख्या भाताला चिकटपणा येतो. भिजवूनही भात चिकट झाला अशी तक्रार करणाऱ्यांचे अर्धे तांदूळ पातेल्यात पडण्याआधीच मोडलेले असतात.

तेला-तुपावर परतायचे असतील तर वेगळं. ओले तांदूळ गरम तुपात टाकले की आधी चरचरतात, मग बुडाला चिकटतात आणि ढवळताना मोडतात. त्यासाठी २० मिनिटंच भिजवा, १५ मिनिटं निथळा, आणि परतणं म्हणजे पातेलं हलवून दाण्यांना तुपाचा हात लागेल इतकंच, एखादं मिनिट. दाण्याला खमंग तांबूस रंग आणायचा असेल तर मात्र भिजवूच नका. वरचं पाणी उडाल्याशिवाय रंग येत नाही, आणि तोवर ओल्या दाण्याचा भुगा झालेला असतो. धुऊन फडक्यावर पूर्ण सुकवलेले तांदूळ परता, पाणी नेहमीइतकंच घाला आणि शेवटी झाकून पाच मिनिटं जास्त मुरू द्या.

---

तीन_शिट्ट्या

एक विरुद्ध मत नोंदवतो. रोजच्या भातासाठी, प्रेशर कुकरमध्ये, आखूड किंवा मध्यम दाण्याचे पांढरे तांदूळ असतील तर भिजवण्यात फारसा अर्थ नाही.

कारण साधं आहे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, कुकरमध्ये पूर्ण दाबाला ते १२० च्या आसपास जातं. त्या तापमानाला पाणी दाण्यात भराभर शिरतं. वर गॅस बंद केल्यावर दाब उतरेपर्यंत १० मिनिटं तांदूळ आतच मुरत असतात. कणी राहायला जागाच उरत नाही. अशा तांदळांना आधी अर्धा तास भिजवून नेहमीइतक्याच शिट्ट्या दिल्या तर भात नाही, लगदा होतो.

कुकरमध्ये ज्यांचा भात बिघडतो त्यांची चूक बहुधा दोनपैकी एक असते. एक, झाकण घाईने उघडणं. दाब अचानक उतरला की दाण्यातलं पाणी भसकन उकळतं आणि शितं फुटतात. दुसरी, डब्यात भात लावताना पातेल्याचं माप वापरणं. डब्यातलं पाणी जवळजवळ उडतच नाही, उलट झाकण नसेल तर वरून वाफेचं पाणी आत ठिबकतं. पातेल्यात २०० ग्रॅमला ३५० लागत असेल तर डब्यात ३०० च्या आसपासपासून सुरुवात करा.

लांब दाण्याला, खास करून बासमतीला, भिजवणं गरजेचं, ते मान्य. पण 'तांदूळ आहेत म्हणजे भिजवलेच पाहिजेत' ही नुसती सवय आहे.

---

आधणपाणी

कुकरबद्दल सहमत, एका दुरुस्तीसह. जुने, कडक झालेले तांदूळ असतील तर कुकरमध्येही १०–१५ मिनिटं भिजवलेले बरे. साठवणीत दाण्याची ठेवण घट्ट होत जाते, तो पाणी हळू पण एकूण जास्त घेतो आणि फुलतोही जास्त. नव्या तांदळाचं उलटं. तो आधीच नरम असतो, पिष्ट लवकर सोडतो. नवे तांदूळ अर्धा तास भिजवून शिजवणं म्हणजे चिकट भात मागून घेणं. ते धुतले की थेट आधणात वैरावेत, आणि पाणी जुन्यापेक्षा आठवा-दहावा हिस्सा कमी.

बासमतीचं जे आहे ते शीत लांबण्याशी जोडलेलं आहे. हा दाणा शिजताना आडवा फुगत नाही, उभा वाढतो, जवळपास दुप्पट. ती वाढ पूर्ण व्हायची तर गाभा आणि बाहेरचा थर एकाच वेळी फुलायला हवेत. गाभा मागे राहिला तर बाहेरचा थर ताणून फाटतो आणि शीत मधूनच तुटतं किंवा वाकडं होतं. म्हणून २० ते ३० मिनिटं.

आणखी एक कारण सुवासाचं आहे. सुवासिक तांदळाचा जो वास, त्यातला मुख्य घटक २-असेटिल-१-पायरोलिन हा उडून जाणारा आहे. जितका वेळ उकळत ठेवाल तितका तो वाफेबरोबर जातो. भिजवल्याने उकळायचा वेळ कमी होतो, म्हणून वास जास्त टिकतो. मात्र दोन-चार तास भिजवून ते पाणी ओतून दिलंत तर हा फायदा बराचसा त्या पाण्याबरोबरच जातो.

---

मोकळं_शीत

२९५ मिलीने केला. शीत लांब, मोकळं, कणी नाही. धन्यवाद.

आता दोन पुढचे प्रश्न. विजेच्या राइस कुकरमध्ये मापाच्या रेघा असतात, तिथे हे वजाबाकीचं गणित कसं बसवायचं? आणि हेच प्रमाण चौपट केलं, ८०० ग्रॅम तांदळाला १४०० वजा २२०, म्हणजे ११८० मिली, तर चालेल ना?

---

रोवळी

राइस कुकरमध्ये वजाबाकी करायचीच नाही. तांदूळ धुवा, निथळा, भांड्यात घाला, रेघेपर्यंत पाणी घाला आणि त्याच पाण्यात अर्धा तास तसेच राहू द्या. मग बटण दाबा. तांदूळ जे पाणी पितात ते त्या मोजलेल्या पाण्यातलंच असतं, त्यामुळे एकूण बदलत नाही. ज्यांना तोलकाटा काढायचा कंटाळा आहे त्यांनी पातेल्यातही असंच करावं. मोजलेल्या पाण्यात भिजवा, त्याच पाण्यासकट चुलीवर चढवा. फक्त धुणं आधी नीट झालेलं असू द्या, म्हणजे भिजवण पिठूळ राहणार नाही.

तुमचा कुकर कोणत्या प्रकारचा आहे ते मात्र बघा. एकाच खटक्याचा साधा कुकर असेल तर तो तळाच्या तापमानावर चालतो. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या आसपास अडकून राहतो. पाणी संपलं की तापमान वर चढतं आणि खटका पडतो. त्याला तांदूळ भिजलेत की नाही याच्याशी देणंघेणं नाही, म्हणून भिजवायचं ते आपण. पण वेगवेगळे कार्यक्रम असलेला महागडा कुकर असेल तर त्यातल्या बऱ्याच कुकरांत पहिला टप्पाच कोमट पाण्यात भिजवण्याचा असतो. पांढऱ्या भाताला ४०–५० मिनिटं लागतात ती त्यामुळेच. त्यात वेगळे भिजवलेत तर दुहेरी भिजतात. पुस्तिकेत एकदा बघून घ्या.

खटका पडल्यावर झाकण उघडायचं नाही. १० मिनिटं मुरलं की वरचा ओला थर आणि तळचा कोरडा थर सारखे होतात.

---

आधणपाणी

चौपटीचं गणित थोडं वेगळं आहे. सगळंच सरसकट चौपट करण्याची रीत चुकीची आहे, म्हणून तुमचा आकडाही चुकतो.

भाताला लागणारं पाणी दोन भागांचं असतं. एक भाग तांदूळ पितात. तो तांदळाच्या प्रमाणात वाढतो. दुसरा भाग वाफेने उडतो. तो पातेल्याचं तोंड, झाकणाची फट आणि चुलीवरचा वेळ यांवर ठरतो, तांदळाच्या वजनावर नाही. २०० ग्रॅमसाठी तुम्ही जे ३५० मिली घेता त्यात ढोबळमानाने २७० तांदळाचं आणि ८० वाफेचं धरा. आता ८०० ग्रॅमला तांदळाचं पाणी १०८०, पण वाफेचं काही ३२० होत नाही. मोठं पातेलं, थोडा जास्त वेळ, म्हणून १०० ते १२० धरा. एकूण १२०० च्या जवळपास. न भिजवता हेच पाणी.

भिजवले असतील तर त्यातून वाढलेलं वजन वजा. ८०० ग्रॅमला २२० ग्रॅम वाढले तर वर घालायचं पाणी ९८० च्या आसपास येईल. तुमच्या ११८० मध्ये २०० मिली जास्तीचं आहे. घरच्या चारजणांचा भात उत्तम होतो आणि पाहुण्यांचा गिचका होतो तो ह्याच दोनशे मिलीमुळे.

उलट दिशेनेही हेच. १०० ग्रॅम तांदळाला १७५ मिली घेतलंत तर भात कोरडा आणि बुडाला लागलेला, कारण वाफ आपले ८० मिली घेतेच. तिथे २१० च्या पुढे जा.

एवढं गणित नको असेल तर भरपूर पाण्यात शिजवून वेळून काढा. २०० ग्रॅमला दीड ते दोन लिटर उकळतं पाणी, १५–२० ग्रॅम मीठ, त्यात भिजलेले तांदूळ. उकळी परत आल्यापासून बासमतीला ५ ते ७ मिनिटं पुरतात, न भिजवलेल्याला १० ते १२. शीत बोटांनी दाबल्यावर दोन्हीकडून मऊ आणि मध्ये बारीकसा टणकपणा लागला की लगेच वेळायचं, मग झाकून अगदी मंद आचेवर १० मिनिटं वाफ. इथे भिजवण्याचा खरा फायदा असा की सगळी शितं एकाच वेळी तयार होतात. न भिजवलेली काही आधी, काही नंतर, आणि वेळण्याचा नेमका क्षण सापडत नाही.

---

कोंड्यासकट

पांढऱ्या तांदळावरच सगळं चाललंय म्हणून बाकीच्यांचं लिहितो.

हातसडीचे किंवा पूर्ण तपकिरी तांदूळ: इथे भिजवण्याला सगळ्यात जास्त किंमत आहे. कोंड्याच्या थरात तेलकट अंश असतो, तो पाणी आत येऊ देत नाही. अर्धा तास म्हणजे काहीच नाही. ६ ते ८ तास भिजवा, किंवा घाई असेल तर ५० अंशांच्या आसपासच्या पाण्यात दीड-दोन तास. बोट बुडवलं की लगेच काढावंसं वाटेल इतकं गरम, त्याहून जास्त नाही. उकळतं पाणी ओतलंत तर बाहेरचा थर अर्धवट शिजून बंद होतो. न भिजवता ४० ते ४५ मिनिटं लागणारा भात भिजवल्यावर २५ ते ३० मिनिटांत होतो, आणि कोंडा चामड्यासारखा चिवट लागत नाही.

उकडे तांदूळ: हे कोंड्याभुशासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडलेले असतात. म्हणजे त्यातलं पिष्ट एकदा फुलून परत घट्ट बसलेलं आहे. म्हणून दाणा पिवळसर, काचेसारखा आणि टणक. शिजायला वेळ जास्त, पण फुटतही नाही आणि चिकटतही नाही. ४५ मिनिटं ते दीड तास भिजवले तर वेळ वाचतो, नाही भिजवले तरी भात बिघडत नाही, फक्त थांबावं लागतं.

चिकट जातीचे तांदूळ, जे चाळणीत वाफेवर शिजवतात: इथे भिजवणं पर्यायी नाहीच. वाफेवर शिजवताना पातेल्यात पाणी नसतं, दाण्याला जे पाणी हवं ते त्याने आधीच प्यायलेलं असायला हवं. किमान ४ तास, रात्रभर असेल तर उत्तम, मग २५ मिनिटं वाफ आणि मध्ये एकदा उलटवणं. पिष्टाचे दोन प्रकार असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. या तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच, सगळं अमायलोपेक्टिन, म्हणून तो गोळा धरतो. अमायलोज जितकं जास्त तितका भात मोकळा आणि गार झाल्यावर कडक. बासमतीत ते २० ते २५ टक्क्यांच्या घरात असतं.

आणि जिथे भाताभोवती दाट, मलईसारखा रस हवा आहे, खीर असो की दुधात ढवळत शिजवलेला भात, तिथे भिजवण-धुवण जपून. अंगचं पीठ धुऊन काढलंत की दाटपणाच गेला.

तुकडा तांदळाला १० मिनिटं. त्यापुढे पेज.

---

नवी_पातेली

तांदूळ भिजवल्याने त्यातली साखर कमी होते, फायटिक आम्ल जातं, आर्सेनिक निघून जातं असं खूप वाचायला मिळतं. यातलं काय खरं? आणि भिजवताना लिंबू, मीठ, तेल घालतात ते कशासाठी?

---

आधणपाणी

साखर: नाही. धुवणात जो दुधाळपणा दिसतो तो दाण्यांच्या घर्षणाने अंगाला लागलेल्या पिठाचा. एकूण पिष्टाच्या मानाने तो नगण्य. दाण्यातलं पिष्ट थंड पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे भिजवून ते बाहेर येत नाही. भाताने रक्तातली साखर किती झपाट्याने चढते ते तांदळाची जात, अमायलोज, शिजवण्याची पातळी आणि ताटात किती वाढलाय यांवर जास्त अवलंबून आहे.

फायटिक आम्ल, म्हणजे लोह-जस्तासारखी खनिजं अंगी लागू न देणारा घटक: ते मुख्यतः कोंड्यात असतं. पांढऱ्या तांदळाचा कोंडा आधीच गेलेला, तेव्हा त्यासाठी भिजवण्याचं कारण नाही. तपकिरी तांदळात साध्या पाण्यात काही तास भिजवून थोडंच कमी होतं. तांदळात ते तोडणारं विकर (एन्झाइम) कमी असतं. कोमट जागी दिवसभर ठेवून किंचित आंबू दिलं तर फरक जास्त पडतो, पण मग चवही आंबूस होते.

आर्सेनिक: नुसत्या भिजवण्याने फार जात नाही, कारण बाहेर काढायला उकळतं आणि भरपूर पाणी लागतं. ते ओतून द्यावं लागतं, आणि ते पाणी स्वतः स्वच्छ असावं लागतं. सहापट किंवा जास्त पाण्यात शिजवून वेळून काढणं हा जुना मार्ग. शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक मधला मार्ग मांडला: चौपट पाण्यात ५ मिनिटं उकळा, ते पाणी ओतून द्या, मग दुप्पट ताजं पाणी घालून झाकून मंद आचेवर आटेपर्यंत शिजवा. त्यांच्या चाचणीत तपकिरी तांदळातलं निम्म्याहून जास्त आणि पांढऱ्यातलं त्याहूनही जास्त आर्सेनिक निघालं. दुसऱ्या बाजूला हे लक्षात असू द्या की ओतलेल्या पाण्याबरोबर ब जीवनसत्त्वंही जातात. वरून जीवनसत्त्वांचा लेप दिलेले तांदूळ असतील तर ते नुसत्या धुण्यानेही जातात. पाकिटावर धुऊ नका असं लिहिलेलं असतं ते त्यासाठी.

---

रोवळी

लिंबाचं मी सांगते. पाणी क्षारयुक्त असेल तर तांदळातली मुळची फिकट रंगद्रव्यं पिवळसर दिसतात, आम्ल घातलं की ती रंगहीन होतात आणि भात पांढराशुभ्र दिसतो. लिटरभर पाण्याला अर्धा चमचा रस पुरे. त्याहून जास्त घातलात तर चव कळते. आणि हे शिजवण्याच्या पाण्यात घालायचं, भिजवणात घालून ओतून दिलं तर उपयोग काय?

तेल भिजवताना घालून काहीच होत नाही, ते वर तरंगतं आणि निथळताना निघून जातं. शिजताना चमचाभर घातलं तर फेस कमी येतो, पातेलं उतू जात नाही. मीठ भिजवणात घालणाऱ्यांना हेतू चवीचा असतो, आणि तो बरोबर आहे. दाणा जे पाणी पितो ते खारट असेल तर मीठ आतपर्यंत जातं, नंतर वरून घातलेलं वरच राहतं. फक्त मग शिजवताना मीठ कमी करायचं विसरू नका.

---

मोकळं_शीत

शेवटचं एक. सकाळी ८ वाजता भिजत घालून संध्याकाळी ७ वाजता भात लावायचा असेल तर? मधे घरी कुणीच नसतं.

---

कोंड्यासकट

तपकिरी असतील तर चालेल, पण फ्रिजमध्ये. बाहेर, उकाड्यात, अकरा तासांत पाण्याला बुडबुडे आणि आंबूस वास येतो. तांदळावर मातीतल्या काही जिवाणूंचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत, आणि उबदार पाण्यात त्यांना वाढायला पूर्ण दिवस देणं शहाणपणाचं नाही. उकाड्यात बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका. फ्रिजमध्ये तांदळाच्या वर तीन-चार बोटं पाणी राहील असं झाकून ठेवा, संध्याकाळी ते पाणी ओतून ताज्या पाण्याने एकदा विसळा. शिजलेल्या भाताचंही तेच. उरला तर ओट्यावर रात्रभर नको, तासाभरात पसरून निववा आणि आत ठेवा.

पांढऱ्या लांब दाण्याला मात्र अकरा तास भिजवू नका, फ्रिजमध्येही नाही. दाण्याला बारीक चिरा पडतात आणि निथळतानाच तुकडे होतात. त्याऐवजी सकाळी तांदूळ धुवा, अर्धा तास भिजवा, पूर्ण निथळा, आणि पाण्याविना झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. संध्याकाळपर्यंत आतलं पाणी दाण्यात सारखं पसरलेलं असतं. लावताना त्यांना तोला. डब्याच्या तळाशी थोडं पाणी सुटलेलं असेल तर ते धरायचं नाही. कोरड्या वजनापेक्षा जेवढे जास्त भरतील तेवढं वजा करून पाणी घाला. तांदूळ गार असल्यामुळे उकळी यायला दोनेक मिनिटं जास्त लागतील, वेळ उकळी आल्यापासून मोजा.

---

तीन_शिट्ट्या

किंवा सातला घरी आल्या आल्या धुऊन कुकरला लावा. वीस-पंचवीस मिनिटांत होतो.

---

मोकळं_शीत

लांब दाण्याचे आहेत हो. डब्यात ठेवून बघतो.